भाषा बोलत नाही, म्हणजे आत्मा मिळालेला नाही?

वाचकाचं पत्र

सलाम. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. घराणं चार पिढ्या मिशनच्या मंडळीतलं. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभर तो आणि माझे धाकटे दीर अक्कलकोट रोडवरच्या एका फेलोशिपला जातात. तिथं सगळे एकदम मोठ्यानं प्रार्थना करतात, अन्य भाषा बोलतात (न शिकलेले, न कळणारे शब्द; ते पवित्र आत्मा देतो असं मानतात), काहीजण खाली पडतात. मागच्या महिन्यात मुलाला 'भाषा मिळाली'. त्यानंतर तो आजीला म्हणाला, "तू एवढी वर्षं देवळात जातेस, पण तुला अजून आत्मा मिळालेला नाही." सासूबाईंनी तेव्हापासून त्याच्याशी बोलणं टाकलंय. त्या म्हणतात, हे अंगात येणंच आहे, नाव फक्त येशूचं. शुक्रवारी रात्री आमच्याच फ्लॅटमध्ये उपवास-प्रार्थना असते. खालचे शेजारी दोनदा वर येऊन गेले. बारा वर्षांची मुलगी तिथं बसते आणि घाबरते. सासऱ्यांना शुगर आहे, तेही उपवास धरायला लागलेत. मुलगा आता पाण्यात बुडून पुन्हा बाप्तिस्मा घ्यायचं म्हणतो. मिस्टर म्हणतात, सगळं बंद करा. यात खरं काय? मी कुणाची बाजू घेऊ?

— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर

सलाम ताई. सुरुवात सासऱ्यांपासून करू. बाकीचे वाद महिनाभर थांबले तरी चालतील, हे येत्या शुक्रवारपर्यंतही थांबू शकत नाही.

शुगरच्या काही गोळ्या (ग्लिमेपिराइडसारख्या) आणि इन्सुलिन पोटात अन्न असो-नसो, साखर खाली आणतात. गोळी घेतली आणि दिवसभर काही खाल्लं नाही, तर संध्याकाळी घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते, बोलणं अडखळतं, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. प्रार्थनेच्या खोलीत नेमक्या याच लक्षणांना 'आत्मा स्पर्श करतोय' म्हटलं जाण्याचा धोका आहे. म्हणून ग्लुकोमीटर घरात आणून ठेवा. साखर ७० च्या खाली दिसली की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून कमी असेल तर पुन्हा द्यायची. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन. आणि उपवासासाठी गोळी मनानं बंद करणं हाही उपाय नाही, त्यानं साखर उलट्या दिशेला जाते. डॉक्टरांना विचारून ठरवा.

सासऱ्यांचं मन मोडायचं नसेल तर त्यांना दानीएलाच्या पुस्तकाची आठवण करून द्या. पहिल्या अध्यायात दानीएल आणि त्याचे सोबती दहा दिवस शाकभाजी आणि पाण्यावर राहिले, दहाव्या अध्यायात त्यानं फक्त चमचमीत अन्न आणि मांस-मद्य सोडलं. पेंटेकॉस्टल मंडळ्यांमध्येही (म्हणजे मुलाच्या फेलोशिपसारख्या, अन्य भाषांवर भर देणाऱ्या) 'दानीएल उपवास' सर्रास धरतात. वेळेवर भाकरी-भाजी आणि गोळी, बाकी चहा, गोड, टीव्ही बंद: असा उपवास कुठलाही शहाणा पास्टर नाकारणार नाही. 'तेल लावून प्रार्थना झाली, आता गोळी कशाला' असं कुणी म्हणालं तर याकोबाच्या पत्रातलं ५:१४ काढून वाचायला सांगा. तिथं वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय, औषध टाका असं अक्षरही नाही. प्रेषित पौलानं तर आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलाय.

आता मुख्य भांडण. तुमच्या घरात तीन वेगळे प्रश्न एकाच आवाजात बोलले जातायत, म्हणून कुणाचं कुणाला पटत नाही. अन्य भाषांचं दान, म्हणजे आत्म्यानं दिलेली देणगी, आज आहे का, हा पहिला. ते प्रत्येक विश्वासणाऱ्याला मिळालंच पाहिजे का, हा दुसरा. आणि सभेत ते कसं वापरायचं, हा तिसरा. पहिल्यावर गेली शंभर-सव्वाशे वर्षं चांगली चांगली देवभीरू माणसं भांडतायत, तो तुमच्या हॉलमध्ये सुटणार नाही आणि सुटायची गरजही नाही. जखम झालीय ती दुसऱ्यामुळे. आणि तिसऱ्याचे नियम तर इतके स्पष्ट लिहिलेले आहेत की दोन्ही बाजूंना पळवाट नाही.

पहिला प्रश्न थोडक्यात. 'ही दानं प्रेषितांच्या काळापुरतीच होती' हे मत सासूबाईंनी कुठून तरी ऐकलं असेल, ते मूर्खपणाचं नाही. चौथ्या शतकाच्या शेवटी क्रिसोस्तोम या नामांकित उपदेशकानं पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रावर (१ करिंथ) प्रवचनं दिली, तेव्हा हा भाग आपल्याला दुर्बोध वाटतो, कारण तेव्हा घडत असे ते आता घडत नाही, असं तो म्हणतो. १९१८ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या वॉरफिल्ड या प्राध्यापकांनी याच मताचा सविस्तर ग्रंथ लिहिला आणि आजही त्या बाजूचे लोक त्याचाच आधार घेतात. पण याच मतासाठी जे वचन सगळ्यात जास्त दाखवलं जातं, ते मात्र कच्चं आहे. १ करिंथ १३:८ मध्ये 'भाषा बंद पडतील' असं आहे. कधी, तर 'पूर्ण ते येईल तेव्हा'. काही उपदेशक म्हणतात, पूर्ण म्हणजे बायबल पूर्ण झालं तेव्हा. दोनच वचनं पुढे वाचा: तेव्हा आपण समोरासमोर पाहू, असं पौल लिहितो. हे पुस्तकाबद्दल नाही, प्रभूच्या येण्याबद्दल आहे. शिवाय त्याच वचनात ज्ञानही नाहीसं होईल असं म्हटलंय, ते बंद पडलंय असं कुणी म्हणत नाही.

उलट बाजूनं मुलगा मार्क १६:१७ दाखवेल: विश्वास धरणारे नव्या भाषा बोलतील. त्याला सांगा, या वचनावर इमारत उभी करू नकोस. त्या अध्यायातली ९ ते २० ही वचनं सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांमध्ये नाहीत. आणि पुढच्याच वचनात सापांना हाती धरण्याची आणि विषाची गोष्ट आहे, ती कुणी शुक्रवारच्या प्रार्थनेत करून पाहत नाही.

दुसरा प्रश्न: भाषा नाही म्हणजे आत्मा नाही का? इथं जरा सावकाश जाऊ, कारण तुमचा मुलगा जे बोलला ते त्याच्या स्वतःच्या पंथाच्या शिकवणीपेक्षाही जास्त आहे.

पेंटेकॉस्टल शिकवण अशी: माणूस विश्वास ठेवतो तेव्हा तारण होतं, त्यानंतर 'पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा' हा वेगळा अनुभव येतो, सेवेसाठी सामर्थ्य देणारा, आणि त्याची पहिली बाह्य खूण म्हणजे अन्य भाषा. १ जानेवारी १९०१ ला अमेरिकेत टोपेका इथं चार्ल्स पारहमच्या बायबल शाळेत ही मांडणी पुढे आली, १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूरच्या सभांमधून ती जगभर गेली. १९१४ साली स्थापन झालेल्या असेंब्लीज ऑफ गॉडची शिकवण आजही हीच आहे. त्यांचा आधार म्हणजे बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक. अध्याय २ मध्ये पन्नासाव्या दिवशी (पेंटेकॉस्टच्या सणाला) भाषा, अध्याय १० मध्ये कर्नेल्याच्या घरी भाषा, अध्याय १९ मध्ये इफिसात सुमारे बारा माणसांना भाषा. यात कर्नेल्याचा प्रसंग सगळ्यात भारी आहे, कारण त्या यहूदीतरांना आत्मा मिळाला हे पेत्राबरोबरच्या माणसांनी ओळखलं ते त्यांना भाषा बोलताना ऐकूनच. हा मुद्दा सासूबाईंनी हसण्यावारी नेऊ नये.

पण त्याच पुस्तकात पन्नासाव्या दिवशी बाप्तिस्मा घेतलेल्या सुमारे तीन हजारांनी भाषा बोलल्याचं लिहिलेलं नाही. शोमरोनात आत्मा मिळाला, काहीतरी दिसण्यासारखं घडलं, पण भाषांचा उल्लेख नाही. आणि पौल १ करिंथ १२:३० मध्ये विचारतो, सगळेच भाषा बोलतात काय? वाक्याची घडणच अशी की उत्तर 'नाही' हेच येतं. यावर पेंटेकॉस्टल उत्तर असं की तिथं सभेतलं 'दान' म्हटलंय, पहिली 'खूण' वेगळी. हे उत्तर सरळ वाचनातून निघत नाही, आधी ठरवलेला सिद्धांत वाचवण्यासाठी केलेला फरक वाटतो, असं आमचं मत. तुमच्या मुलाला ते पटणार नाही, चालेल.

चालणार नाही ते एकच. 'आजीला आत्मा मिळालेला नाही' या वाक्याचा अर्थ त्याला बहुधा कळलेला नाही. रोम ८:९ म्हणतं, ज्याला ख्रिस्ताचा आत्मा नाही तो ख्रिस्ताचा नाही. म्हणजे त्यानं आजीला तारणाबाहेर काढलं. त्याच्या पास्टरना विचारलं तर, त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एक देव) मानणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळीतले असतील तर, ते स्वतःच सांगतील की आजीचं तारण झालेलं असू शकतं, तिच्यात आत्मा राहतो, फक्त आम्ही ज्याला आत्म्याचा बाप्तिस्मा म्हणतो तो अनुभव तिला आलेला नसेल. आणि १ करिंथ १२:३ प्रमाणे, येशू प्रभू आहे हे पवित्र आत्म्यावाचून कुणाला म्हणता येत नाही. सासूबाई सकाळी 'उपासना संगीत' उघडून जे गातात त्यात हे वाक्य किती वेळा येतं ते त्यानं एकदा बसून ऐकावं. माफी मागायला सांगा, पण शिकवणीबद्दल नाही, त्या एका वाक्याबद्दल. "आजी, तुझ्यात आत्मा नाही असं मी म्हणायला नको होतं. मला आलेला अनुभव खरा आहे असं मी मानतो, पण तुझा विश्वास मोजणारा मी कोण?" एवढं पुरेल. त्याच्या तोंडून यापेक्षा जास्त काढू नका, नाहीतर तो पुढच्या शुक्रवारी परत तिथंच जाऊन उभा राहील.

सासूबाईंना सांगायची गोष्ट जड आहे. ज्या पत्रात पौल भाषांना लगाम घालतो, त्याच १ करिंथ पत्रात १४:३९ ला भाषा बोलण्याची मनाई करू नका असंही लिहितो, आणि १४:१८ ला मी तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त भाषा बोलतो म्हणून देवाचे आभार मानतो. तेव्हा हे सैतानाचं, हे अंगात आणणं, असं सरसकट म्हणायची सोय बायबल ठेवत नाही. आणि ही लाट अक्कलकोट रोडवर कुणी परदेशातून आणून सोडली अशी त्यांची समजूत असेल तर तीही अर्धवट आहे. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव स्टेशन लागतं. तिथं पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जून १९०५ मध्ये जागृती सुरू झाली, अझुसा स्ट्रीटच्या आधी. मुली रडत पापं कबूल करत, शेकडो जणी एकदम मोठ्यानं प्रार्थना करत, पुढच्या दीड-दोन वर्षांत तिथं अन्य भाषाही बोलल्या गेल्या. तिथल्या मिनी एब्रम्स यांचं पुस्तक चिलीतल्या एका मेथडिस्ट मिशनरी जोडप्यापर्यंत पोचलं आणि १९०९ ची चिलीची पेंटेकॉस्टल जागृती त्यातून पेटली. मराठी ख्रिस्ती माणसानं हे विसरू नये. पण रमाबाईंनी यातून काढलेला निष्कर्ष मुलानं ऐकावा असा आहे: भाषा, रोग बरे करणं, संदेश ही दानं त्यांनी टाकून दिली नाहीत, पण आत्म्याच्या बाप्तिस्म्याची आवश्यक खूण म्हणून त्यांनी प्रीतीलाच मान दिला.

आता 'अंगात येणं'. इथं एक कसोटी आहे, ती दोन्ही बाजूंना लागू करा. अन्य भाषा बोलणारा बहुतेक वेळा स्वतः सुरू करू शकतो आणि स्वतः थांबू शकतो. पौलाचे सगळे नियम यावरच उभे आहेत: अर्थ सांगणारा नसेल तर त्यानं गप्प राहावं. आवरता येत नसतं तर गप्प राहा असं सांगण्यात अर्थच नव्हता. १४:३२ तर स्पष्ट म्हणतं की संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या ताब्यात असतात. तेव्हा तुमचा मुलगा दारावरची बेल वाजल्यावर थांबून, दार उघडून, पाहुण्यांना पाणी देऊ शकत असेल, तर सासूबाईंचा शब्द चुकीचा. आणि सभेत कुणी म्हणत असेल, मला थांबताच आलं नाही, तर चूक त्या सभेची.

भाषाशास्त्रज्ञ विल्यम सॅमरिन यांनी १९७२ मध्ये अशा बोलण्याची ध्वनिमुद्रणं तपासली. त्यांना त्यात बोलणाऱ्याच्या ओळखीच्याच भाषांमधले ध्वनी सापडले, वाक्यरचना सापडली नाही. मात्र हा आजार आहे किंवा भान हरपल्याशिवाय हे होत नाही, असंही त्यांना दिसलं नाही. त्याच वर्षी फेलिसिटास गुडमन यांनी मात्र हे भान हरपल्याच्या अवस्थेतूनच येतं असं मांडलं. २००६ मध्ये अँड्र्यू न्यूबर्ग यांनी पाच स्त्रियांच्या मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा भजन गाण्याच्या तुलनेत भाषा बोलताना कपाळामागच्या भागातलं काम कमी झालेलं दिसलं. पाचच जणी होत्या, तेव्हा या चित्रणावर कुणीही उड्या मारू नयेत. यातून देव आहे-नाही काहीच ठरत नाही. मुलगा वेडा झालेला नाही, एवढं तुम्ही निर्धास्तपणे धरून चाला.

बिघडतं ते 'भाषा मिळवून देण्याच्या' पद्धतीत. ते कसं होतं हे आईला माहीत असलं पाहिजे. दिवसभर उपवास, बंद खोली, कीबोर्ड सतत चालू. पुढे उभं करून 'हालेलुया' किंवा 'स्तुती' भरभर म्हणायला लावतात, आणखी भरभर, 'जिभेला अडवू नको, बोल, बोल'. जीभ अडखळून अक्षरं तुटायला लागली की टाळ्या: मिळाली! डोक्यावर हात ठेवलेला असतो, कधी कपाळाला मागे रेटाही असतो, पाठीशी धरायला माणूस उभा असतो, म्हणजे पडायचं आहे हे आधीच सांगितल्यासारखं. यात शरीर काय करतं? जोरजोरात, भरभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, गरगरतं, कधी बोटं आखडून आत वळतात. लोक म्हणतात, करंट लागला. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात पाण्याशिवाय दिवस काढलेला असेल तर चक्कर त्याशिवायही येते. असं झालं तर बसवा, श्वास हळू घ्यायला सांगा, पाणी द्या. काही मिनिटांत उतरतं. पण पडलेल्या माणसाचे हातपाय दोन्ही बाजूंनी झटके देत असतील, हाक ऐकू येत नसेल, जीभ चावली असेल किंवा कपडे ओले झाले असतील, तर ती फीट आहे. कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बिमचा घालू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. त्या वेळी प्रार्थना दुसऱ्या खोलीत चालू राहू दे.

प्रेषितांच्या कृत्यांत कुणालाही अक्षरं घोकायला लावल्याचं नाही. दान असेल तर त्याचा सराव करून घ्यावा लागत नाही, हे वाक्य तुमच्या दिरांना सांगा. ते वयानं मोठे आहेत, त्यांना पटलं तर मुलाला आपोआप पटेल.

मुलगी या शुक्रवारपासून त्या खोलीत बसणार नाही. यावर चर्चा नको. बारा वर्षांची पोर घाबरतेय, एवढं कारण पुरे. तिच्या भीतीलाच कुणी 'आत्मा आहे, काढावा लागेल' म्हणालं, तर त्या माणसाला पुन्हा घरात घेऊ नका. भूत काढण्याच्या नावाखाली मारणं, बांधणं, केस ओढणं यासाठी महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आहे, आणि धर्म कुठलाही असला तरी तो लागू होतो.

तिसरा प्रश्न सभेतल्या शिस्तीचा. तुमचा फ्लॅट वापरायचा असेल तर घरमालकीण म्हणून अटी घालायचा तुम्हाला हक्क आहे, आणि त्या अटी १ करिंथ १४ मधूनच घ्या, म्हणजे कुणी म्हणणार नाही की बाई आत्म्याला विझवते. मोठ्यानं भाषा बोलणारे दोन, फार तर तीन. एका वेळी एक. एकानं अर्थ सांगायचा. अर्थ सांगणारा नसेल तर त्यानं मनात देवाशी बोलावं. अर्थ सांगणं म्हणजे काय हे सोलापूरकराला वेगळं समजवायला नको: तेलुगू उपदेशक मराठी मंडळीत उभा राहिला की दुभाषा शेजारी असतोच, आणि तो अडला की सगळे थांबतात. कुणी म्हणेल, आमच्यात सगळे एकदम बोलतात, ती सभा नाही, खाजगी प्रार्थना आहे. खाजगी असेल तर आवाजही खाजगी ठेवा. पौलाची अडचण नेमकी तीच होती: बाहेरचा माणूस आत आला आणि सगळे भाषा बोलत असले तर तो तुम्हाला वेडे म्हणेल. तुमच्या खालच्या शेजाऱ्यांनी पौल वाचलेला नसेल, पण ते दोनदा तेच सांगायला वर आले.

आवाजाचं गणित सरळ आहे. निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नाही. फ्लॅटमध्ये माईक, ॲम्प्लिफायर आणि ड्रम यांचं कामच नाही; डफ आणि हार्मोनियम पुरे. खिडक्या बंद, साडेनऊला शेवट, पावणेदहाला जिना रिकामा. 'धर्मस्वातंत्र्य आहे' असा वाद कुणी घातला, तर चेन्नईच्या एका पेंटेकॉस्टल मंडळीविरुद्ध कॉलनीनं लढवलेलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं, हे त्यांना सांगा. ३० ऑगस्ट २००० च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की कुठलाही धर्म ध्वनिक्षेपक आणि ढोल वाजवून दुसऱ्याची शांतता मोडायला सांगत नाही. शेजाऱ्यांकडे मात्र मुलालाच पाठवा, वेळ सांगायला आणि माफी मागायला. तुम्ही जाऊ नका.

सभेत 'संदेश' आला, म्हणजे देवानं मला हे सांगितलं असं कुणी म्हणालं, की आणखी एक नियम: बाकीच्यांनी पारख करायची (१४:२९). लग्न कुणाशी कर, नोकरी सोड, प्लॉट विकून दे, गोळी बंद कर, असे खाजगी हुकूम देणारा संदेश कुणाच्याही तोंडून आला तरी त्यावर पाऊल उचलायचं नाही. पैशांबद्दल एवढंच: पावती मिळते का आणि हिशोब वर्षातून एकदा मंडळीपुढे वाचला जातो का, हे विचारा.

मिस्टरांचं 'सगळं बंद करा' हे वीस वर्षांच्या पोरावर चालणार नाही, तो फक्त घराबाहेर जाऊन करेल. त्यापेक्षा तुम्ही दोघांनी एका रविवारी त्याच्याबरोबर फेलोशिपला जा आणि नंतर पास्टरना भेटा. एक प्रश्न आधी विचारा: अन्य भाषा न बोलता माणसाचं तारण होतं का? 'होतं' म्हणाले तर मुख्य प्रवाहातली पेंटेकॉस्टल मंडळी आहे, मतभेद असले तरी एका मेजावर बसता येईल. 'नाही' म्हणाले तर दुसरा प्रश्न: बाप्तिस्मा पिता, पुत्र, पवित्र आत्मा या नावानं देता की फक्त येशूच्या नावानं? १९१६ मध्ये असेंब्लीज ऑफ गॉडमधून याच मुद्द्यावर एक गट फुटला, आणि त्या परंपरेतले काही मोठे गट भाषा हा तारणाचाच भाग मानतात. तिथं आजीला सामावून घेणारं उत्तर मिळणार नाही, हे समजून पुढचं ठरवा. औषधांबद्दल त्यांचं म्हणणं काय, हेही तिथंच विचारून घ्या, आणि सासऱ्यांच्या समोर विचारा.

जाताना तुमच्या पाळकसाहेबांच्या कानावर घाला, भांडायला नव्हे. तुमची मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली असेल, तर ती १९२४ ला युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आली. या परंपरेत वचन समजून उमजून वाचण्यावर भर राहिला, आणि तरुणांना तिथं तासभर मोकळं रडायला किंवा हात वर करून गायला जागा मिळाली नाही, हे मान्य करायला हरकत नाही. कॅथलिक मंडळीनं १९६७ पासून करिश्माई (आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या) प्रार्थनासभांना आपल्याच छपराखाली जागा दिली. महिन्यातून एक संध्याकाळ तुमच्या देवळातही अशी ठेवता येईल का, असं पाळकांना विचारा. मुलं बाहेर का जातात या चर्चेपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

राहिला बाप्तिस्मा. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बाप्टिस्ट आणि ब्रदरन मंडळ्याही सामील झाल्यामुळे बालबाप्तिस्मा आणि समजत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्ही मान्य आहेत. पण एकदा झालेला पुन्हा देत नाहीत. मुलानं बुडून घेतला तर तो मंडळीच्या दृष्टीनं 'दुसरा' ठरेल आणि सभासदत्वाचा प्रश्न उभा राहू शकतो. त्याला अडवू नका, सहा महिने थांब म्हणा, आणि तेवढ्यात त्यानं स्वतः दोन गोष्टींची चौकशी करायची. एक, त्या पास्टरकडे १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लग्न लावायचा परवाना आहे का. स्वतंत्र फेलोशिपमध्ये तो गृहीत धरता येत नाही, आणि परवाना नसलेल्या माणसानं लावलेलं लग्न पुढे त्रास देतं. दोन, त्यांच्या सभासदांना दफनाची जागा कुठं मिळते. जुन्या मंडळीच्या कबरस्थानात सभासदत्वाची वही पाहतात. आमची मंडळी की तुमची, असा वाद सोलापुरात कितीतरी घरांमध्ये नेमका मयताच्या दिवशी उघड्यावर येतो. तो आत्ताच, कुणी आजारी नसताना, दोन्ही पाळकांकडून लेखी विचारून घ्या.